विहीणबाईंनी बांधलेलं पोट

दोन वर्षांपूर्वी निकिता तान्ह्या लेकीला घेऊन माहेराहून घोडेगावला सासरी आली, त्याच दिवशी दाराआडून तिनं भांडण ऐकलं. सासू मनकर्णा निकिताला सोडायला आलेल्या तिच्या आईला म्हणत होती, "विहीणबाई, बाळंतपणात लेकीचं पोट नीट बांधलं न्हाई तुमी. बघा कसं सुटलंय!" आई डोळे पुसत गेली, ती परत आलीच नाही.

पोट आत गेलं की आई येईल, एवढंच मग निकिताच्या डोक्यात. पहाटे पळायची, उताणं पडून उठण्याचे व्यायाम करायची, वर जुनं लुगडं आवळायची. अंग काठीसारखं झालं, पोट मात्र घरजावयासारखं हलेना. बाया विचारायच्या, "दुसरं हाय का गं?"

शेवटी सासूच तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही चरबी नाही. बाळंतपणात पोटाचे स्नायू मधोमध फाकलेत. आवळू नकोस, ते व्यायामही थांबव. मी दुसरे शिकवते."

सासूसमोरच निकितानं विचारलं, "मग बांधायला कुणाचं चुकलं?"

"कुणाचंच नाही."

घराच्या अंगणात आल्यावर मनकर्णा मोबाईल पुढं करत म्हणाली, "लाव तुझ्या आईला. मीच बोलते."

निकितानं फोन लावून दिला आणि रोजच्यासारखी दुधाची किटली उचलून डेअरीकडं निघाली.