ओठावरचा चीक

मला पाठवायचं असं कोणी ठरवलं नव्हतं. मूल गावच्या आमच्या चर्चच्या महिला मंडळातल्या ज्या बाई जाणार होत्या त्यांना ताप आला, आणि बाकीच्यांच्या घरी लेकरांच्या परीक्षा. मी राईस मिलमध्ये तांदूळ पाखडते. मंडळात मागच्या चटईवर बसते आणि प्रार्थना मनातल्या मनात करते. तरी अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "शेवंता, तूच जाय. बोलाचं काई कामच नाई. मंगलीबाईले फक्त घेऊन ये."

मंगलीबाई मुलचेऱ्याच्या पलीकडे जंगलातल्या एका गावात राहते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे गोंडांची पाच घरं ख्रिस्ती आहेत. पाळकसाहेब महिन्यातून एकदा जातात, बाकीचे दिवस मंगलीबाईच त्या घरांना सांभाळते. दोन वर्षांआधी गावाने तिला हातपंपावर पाणी भरू दिलं नाही. कोणीतरी तिच्या घरावरची कवेलू (कौलं) फोडली. अख्खा पावसाळा ती नाल्याचं पाणी प्याली, पण रविवारची प्रार्थना तिने मोडली नाही. हे सगळं तिने पुनरुत्थानाच्या सणाआधी (ईस्टरआधी) आमच्या सभेत येऊन स्वतःच्या तोंडाने सांगावं, अशी बायांची इच्छा होती.

शुक्रवारी सकाळी मी चामोर्शीच्या बसमध्ये बसले. भाकरी, कांदा आणि कागदाच्या पुडीत तिखट-मीठ बांधून घेतलं होतं. हरणघाटाच्या पुलावरून वैनगंगा दिसली. पाणी एका काठाला सरकलं होतं आणि रेतीत डांगराच्या (खरबुजाच्या) वाड्या हिरव्यागार होत्या. माझ्या बाजूला डांगराची टोपली घेऊन एक म्हातारी बसली होती. तिने विचारलं, "कुठी चालली वं?"

"मुलचेऱ्याले."

"माहेर हाय का?"

"नाई."

"सासर?"

"नाई."

"मंग काऊन चालली?" असं म्हणून ती इतकी हसली की कंडक्टरने वळून पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत बसले. उतरताना तिने माझ्या मांडीवर एक लहान डांगर ठेवलं आणि म्हणाली, "बिनमाहेरची हायेस, खाय."

चामोर्शीला बस बदलली. घोट मागे पडलं आणि जंगल लागलं. पळस फुलून सरत आला होता. मोहाचा गोड, थोडा आंबूस वास बसमध्ये भरला. रस्त्याच्या कडेला बाया वाकून फुलं वेचत होत्या. एकेका झाडाखालची जमीन झाडून अंगणासारखी साफ केलेली. मोहाची झाडं जंगलात असली तरी कोणतं झाड कोणत्या घराने वेचायचं ते गावागावात ठरलेलं असतं. एका झाडावर एका घराचं वर्षाचं तेल, मीठ, कपडा निघतो.

मुलचेऱ्याला पोहोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. स्टँडजवळ एका बंगाली काकीचं चहाचं दुकान आहे. तिने मला मुढी (मुरमुरे) दिली. त्यात कच्चं मोहरीचं तेल, कांदा आणि हिरवी मिरची. पहिल्या घासाला नाकातून धूर निघाला. काकी म्हणाली, "पहिली बार खाया ना? पानी मत पी, और खा." मी और खाल्लं. खरंच बरं वाटलं.

तिथून जीपने एका फाट्यापर्यंत आणि पुढे पायी. वाट सावलीची होती, पण घसा कोरडा पडला होता. वाटेत एक मोठा आंबा लागला. वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या खाली होत्या. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी एक उचलली, तिखट-मीठ लावलं आणि तिथेच उभ्याने खाल्ली. देठाचा चीक ओठाला लागला, तो पदराने पुसला. रिकाम्या हाताने कसं जावं म्हणून आणखी दोन कैऱ्या पिशवीत टाकल्या. डांगर तर बसमध्येच विसरले होते.

मंगलीबाई अंगणात मोहफुलं वाळू घालत होती. पन्नाशीची, बारीक अंगाची, कपाळावर आणि हातावर गोंदलेलं. मी "सलाम" म्हटलं. तिने पाणी दिलं, जावा (कण्यांची पातळ पेज) दिली. मग मी पिशवीतून कैऱ्या काढून तिच्यापुढे ठेवल्या.

तिने हात मागे घेतला.

"कुठून आणल्या?"

"वाटेवरून. पडल्या होत्या."

"तुनं खाल्ली?"

मी मान हलवली. मग तिने मला समजावून सांगितलं. गावात आंब्याचं पंडुम (सण) झाल्याशिवाय कोणी कैरी तोडत नाही, उचलत नाही, खात नाही. आधी देवाला देतात, मग माणसं खातात. पाणी बंद होतं तेव्हा गावाचा गायता (पूजा आणि रीत पाहणारा वडीलधारा) आणि मंगलीबाई यांच्यात एक बोलणं झालं होतं. गायता म्हणजे तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ दसरू. मंगलीबाईने त्याला सांगितलं होतं, आम्ही पूजेला बसणार नाही, त्यासाठी मारलं तरी चालेल. पण गावाचा नेम आम्ही तोडणार नाही. आमच्या पाच घरांतून कोणी तोडला तर माझं मोहाचं झाड गावाने घ्यावं. त्या शब्दावर हातपंप मोकळा झाला होता.

मी म्हणाले, "कोणी पायलं नाई जी मले. पुरून टाकू."

"म्या पायलं न," मंगलीबाई म्हणाली.

ती रागावली नाही. कैऱ्या उचलून तिने भिंतीच्या कोनाड्यात उघड्यावर ठेवल्या, कोणीही आलं तरी दिसतील अशा. मी मंडळाचा निरोप सांगितला. ती म्हणाली, "मोह पडून राह्यला, आता कुठी येऊ?" मग कोनाड्याकडे पाहून स्वतःच हसली. "उद्यापासून रिकामीच हावो म्हणा."

शनिवारी सकाळी ती कोणी बोलावायच्या आधीच निघाली. गावाच्या मधोमध चिंचेखाली गायता आणि काही माणसं बसली होती. बाया बाजूला उभ्या होत्या. मी मंगलीबाईच्या मागे होते. रात्रीतून माझा खालचा ओठ सुजला होता, चीक उठला होता. मी पदर नाकापर्यंत ओढून घेतला.

मंगलीबाईने पदरातल्या कैऱ्या गायत्यापुढे ठेवल्या. "जोहार भाऊजी. माया घराकडून नेम मोडला. एक खाल्ली, ह्या दोन उरल्या."

गायता म्हातारा, पांढऱ्या मिशीचा. त्याने विचारलं, "कोणं खाल्ली?"

"माया घरात आल्या, म्हंजे मायाच."

"कोणं खाल्ली म्हणलं मी."

"शब्द म्या देल्ता भाऊजी. उत्तर मीच देतो."

बायांतून राजे नावाची एक उंच बाई बोलली. तिचं घर मंगलीबाईच्या घराला लागून आहे. "पायजा! नवा देव कैरी खा म्हणते वाटते." काही जण हसले. दुसरी कोणी म्हणाली, "कैरीसाठी झाड देते, मोठी सावकारीण!"

मंगलीबाईही थोडी हसली, पण जागची हलली नाही. मला बोलायचं होतं. पण एवढी माणसं, सगळ्यांची तोंडं आमच्याकडे, आणि मी पदर आणखी घट्ट धरला. गायत्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खाली जमिनीवरच्या मुंग्या पाहत राहिले. मग तो म्हणाला, "झाड गेलं. हा मोसम राजेचं घर वेचन."

आम्ही परत आलो. मंगलीबाईने भात शिजवला, मला वाढला, ओठाला लावायला तूप दिलं. ती रागाने एक शब्द बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, "मूलकडं मोह कमी झाला का वं आता?"

दिवसभर बाकीच्या चार घरांतली माणसं येऊन गेली. एक जण म्हणाला, "बाई, उद्याची प्रार्थना राहू दे. गाव तापलं हाय." मंगलीबाई म्हणाली, "तुमी नाका येऊ. मी अंगण झाडून ठेवतो."

रविवारी पहाटे जाग आली तेव्हा ती घरात नव्हती. झाडणी पण नव्हती. मी तिला शोधत गेले. ती आपल्या मोहाच्या झाडाखाली होती, वाकून पाचोळा झाडत होती. उजेड नुकताच फुटत होता आणि वरून फुलं टपटप तिच्या पाठीवर पडत होती. पडलेली फुलं ती झाडणीने बाजूला लोटत होती, एकही उचलत नव्हती.

मी म्हणाले, "हे आता तुयं नाई न."

"नाई न. पण पाचोळ्यात फुल दिसत नाई. राजे विस्तव लावन मंग, जंगल जळन. साफ करूनच द्या लागते."

मी तिथून सरळ गायत्याच्या घरी गेले. वाटेत विचार केला असता तर गेलेच नसते. तो ओसरीवर दात घासत होता. मी पदर खाली घेतला आणि म्हणाले, "आंबा म्या खाल्ला. मंगलीबाईले माईतही नव्हतं."

त्याने चूळ भरली, तोंड पुसलं. "मले माईत हाय."

"कसं?"

"तुह्या ओठावर लिवलं हाय न. चीक उठला. सगळ्यायनंच पायलं."

मला रडू आलं. "मंग झाड काऊन घेतलं?"

"तू बोलली नाई, ते बोलली," तो म्हणाला. "तू काल बोलली असती तं पाव्हणीची चूक म्हणून सोडलं असतं. आता गावापुढं बोलणं झालं. मोसमभर वापस नाई होत." थोडं थांबून तो म्हणाला, "जाय, राजेसंगं वेच. तिच्याच टोपल्यात टाक. एवढं कर."

मी परत झाडाखाली गेले. राजे टोपली घेऊन आली होती. मी वेचायला लागले. मंगलीबाईही वाकली. राजेने दोघींकडे पाहिलं. "माया टोपल्यात टाकता अन् मजुरी मांगान का?" मंगलीबाईने ओंजळ तिच्या टोपल्यात रिकामी केली. मग तीही वाकली. बराच वेळ तिघी वेचत होतो. शेवटी राजे मला म्हणाली, "ओठाले मोहाचं तेल लाव. तुपानं काई होत नाई." म्हणजे तूप लावलेलं तिला कसं कळलं, कोण जाणे. लागून घर आहे.

प्रार्थनेला अंगण झाडून ठेवलं होतं. आधी आम्ही दोघीच बसलो. मग एक घर आलं, मग दुसरं. चौथं घर आलं तेव्हा गाणं सुरू झालं होतं. काल नाही म्हणणारा माणूस शेवटी आला आणि मागे बसला, मी मूलला बसते तसा. वाचता येणारी मी एकटीच होते, म्हणून मंगलीबाईने शास्त्र (बायबल) माझ्या हातात दिलं. ओठ दुखत होता, बोट ठेवून ठेवून वाचलं. कोणी हसलं नाही.

तिला मी पुन्हा मूलला चल म्हटलं. "झाड नाई, मंग चाल न." ती म्हणाली, "आज लोकं आले, पुढच्या ऐतवारी भेतीन. मी इथीच बरी." मग म्हणाली, "तूच सांगजो."

सोमवारी मी निघाले. मुलचेऱ्याला काकीने ओठ पाहून विचारलं, "क्या हुआ?" मी म्हणाले, "कैरी." ती म्हणाली, "लालच," आणि मुढी बांधून दिली. हरणघाटाच्या पुलावर आले तेव्हा डांगराच्या वाड्यांवर संध्याकाळचं ऊन होतं.

मंडळात सगळ्यांनी विचारलं, मंगलीबाई का नाही आली, तिने काय काय सोसलं. मी उभी राहिले. "आंबा म्या खाल्ला होता," एवढंच बोलले आणि बसले. कोणालाच काही कळलं नाही. म्हणून मिलमधून आल्यावर रोज थोडं थोडं या वहीत लिहिलं. सोसणं म्हणजे दुसऱ्याने मारलेलं अंगावर घेणं, असं मी समजत होते. मंगलीबाईला तर त्या दिवशी कोणी बोलावलंसुद्धा नव्हतं. ती कैऱ्या घेऊन स्वतः गेली.

मूलला बाजारात कैऱ्यांचे ढीग आले. शेजारणीने लोणचं घातलं, मला फोडी दिल्या. मी खाल्ल्या नाहीत. ती म्हणाली, "ओठाचं भेव लागलं का?" मी हो म्हटलं.

मग एक दिवस पाळकसाहेबांच्या फोनवरून मंगलीबाईचा आवाज आला. ते त्या दिवशी तिच्याच गावाकडे गेले होते.

"शेवंता, काल झालं पंडुम. खाय आता."

मी विचारलं, "झाड?"

"फुलं सरली. आता टोरी (मोहाचं बी) पडन. राजे म्हणते, दोघी मिळून वेचू."

फोन ठेवला आणि कैरी घेतली. देठ कापला, चीक पाण्यात धुतला, मग फोड केली.