कपाचा कान फिरवणारा टावरवाला

फोन कानाशी धर पोरी, अन् ऐक. तापातून उठल्यापासून रोज फोनवर ‘कालच्यापेक्षा बरी आहे’ एवढंच सांगून राहिली तू. शोभते काय तुले?

मागं सिहोऱ्याचा मोबाईलचा टावर बिघडला, तेव्हा एक मेकॅनिक आमच्या ओसरीवर चहाले बसला होता. नाव विचारायचं राहूनच गेलं. बोलता बोलता कपाचा कान फिरवायची त्याले भारी सवय.

“आजी, फोनची लहर या कानासारखी चार दिशांना वळते,” तो म्हणाला. “ती कुठं उभी आहे ते आम्ही पाहतच नाही. मागच्यापेक्षा किती वळली, तेवढंच वाचतो. प्रत्येक वळणाची दोन आकड्यांची खूण असते; शेजारशेजारच्या वळणांच्या खुणेत एकाच आकड्याचा फरक ठेवतो, म्हणजे चुकून शेजारचं वळण वाचलं तरी एकच आकडा बिघडते.”

“आमच्या सरपंचासारखंच की! गाव कुठं आहे ते सांगत नाही, पुढं गेलं म्हणते. बरं, टावर कधी सुरू होईन?”

त्यानं कप फिरवला. “कालच्यापेक्षा बरा आहे.”

टावरचं तेवढ्यावर भागत असन, पोरी, माझं नाही भागत. काल तू कशी होती, तेच मले कोणी सांगितलं नाही. लवकर ये अन् समोर बस एकदा.