सगळ्यांचं वजन सारखं धरलं तर

आमच्या घरात वडिलांचं वजन हा दुःखाचा विषय होता. ते सिल्लोडच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल. मक्याचा ट्रक आला की मुकादम नजरेनंच माणसं निवडायचे, दांडगे आधी. वडील पन्नास किलोचे, म्हणून शेवटी. ट्रक लहान असला तर त्यांच्यापर्यंत पाळी यायचीच नाही. मग ते दुपारीच घरी यायचे आणि आई काही न विचारता कालवणात पाणी वाढवायची.

मी मात्र शिकले. हे मी मोठ्यानं सांगते, कारण आमच्यात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. कॉलेजसाठी शहरात गारखेड्यात ज्या खोलीत राहायचे, तिथली जोडीदारीण बॉक्सिंग शिकत होती. ती आणि तिच्या मैत्रिणी रोज एकाच गोष्टीवरून भांडायच्या: जगात सगळ्यात भारी बॉक्सर कोण? बॉक्सिंगमध्ये जो तो आपल्या वजनाच्या गटातच लढतो. पन्नास किलोवाला आणि शंभर किलोवाला कधी समोरासमोर येतच नाहीत. तरी या पोरी सगळ्यांना एका रांगेत उभं करायच्या.

"पण ठरवता कसं?" मी विचारलं.

"सगळ्यांचं वजन सारखं धरायचं आणि कोण जिंकतंय ते बघायचं."

"कुठं बघायचं?"

"अगं, डोक्यात."

कुणी कुणाला हरवलं, मार कसा चुकवला, पाय किती हलके, सगळं धरायचं. प्रत्येकीच्या डोक्यात वेगळाच जिंकायचा, त्यामुळे त्यांचं आपसात बोलणं बंद असायचं. पण पहिला नंबर बऱ्याचदा एखाद्या बारक्यालाच मिळायचा. ते मला लई आवडलं.

दिवाळीच्या सुट्टीत वडिलांना हे सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"बारका पयला?"

"व्हय."

"आन बाई, मोठ्याला राग नाय येत?"

"येतो. पण नंबर लावणारे दुसरेच असतात."

सकाळी त्यांनी मला मोंढ्यात नेऊन मुकादमापुढं उभं केलं. मुकादमाला सगळे चाचा म्हणायचे. त्यांनी दाढी खाजवत सगळं ऐकून घेतलं. "बेटा, कालेज में येइच पढ़ाते क्या?"

हमालांना मात्र एकदम पटलं. फक्त डोक्यात बघणं त्यांना मान्य नव्हतं. मोंढ्यात काट्याशिवाय काही ठरत नाही. त्यांनी हिशोब काढला: माणूस उचलतो किती, त्याला त्याच्या वजनानं भागा. सगळ्यात दांडगा हमाल, ज्याला पैलवान म्हणायचे, तो मक्याच्या काट्यावर चढला. शंभर किलो. तो एका वेळी दोन पोती उचलायचा. वडील पन्नास किलो आणि पोतं एक. भागाकार सारखाच.

"कडता धरा," पैलवान म्हणाला. शेतकऱ्याच्या मालातून ओलाव्याचं आणि बारदान्याचं, म्हणजे रिकाम्या पोत्याचं, वजन कापतात, तो कडता. पैलवान तांब्याभर ताक पिऊन आला होता. "मक्याचा ओलावा कापता, मंग माझा का नाय?"

काट्यावरचा मापाडी ओलावा मोजायचं यंत्र घेऊन आला आणि ते कुठं लावायचं म्हणून पैलवानाभोवती फिरला. वडिलांनी बारदाना म्हणून सदरा काढला. पैलवानानं चपला काढल्या. वडिलांनी तोंडातली तंबाखू थुंकली. पैलवान मिशीवरून हात फिरवत विचारात पडला.

तेवढ्यात ट्रक आला. "बस करो," चाचा म्हणाले. "बेटा, वो बॉक्सिंगवाले क्या करते?"

"डोळ्यापुढं आणतात. वडील पैलवानाएवढे झाले असं धरा."

सगळी टोळी पोत्यांवर बसून माझ्या वडिलांना वाढवायला लागली. काहींनी डोळे मिटले.

"मला गळ्यापर्यंतच दिसायलाय."

"पोट नको वाढवू, खांदे वाढव."

"एवढा झाला तर हा आपल्यात कशाला राहील? सरपंच होईल."

वडील काट्याशेजारी उघड्या अंगानं, शिंप्याला माप देताना उभं राहतात तसे उभे होते.

पैलवानानं सगळ्यात उशिरा डोळे उघडले. त्याचा चेहरा उतरला होता. "चाचा, हा एवढासा असून पोतं पाठीवर घेताना हूं का चूं करत नाय. माझ्याएवढा झाला तर मी याच्या वाटंला जायचो नाय. ह्यालाच पयला धरा."

"पण झालाय कुठं अजून?" कुणीतरी म्हणालं.

"उगं कशाला आजमावता," पैलवान म्हणाला आणि वडिलांपासून थोडा लांब सरकून बसला.

चाचांनी वडिलांना पहिली हाक मारली. पहिल्या हाकेचा माणूस थेट पोत्यांच्या थप्पीच्या टोकाला जातो आणि दिवसभर सगळ्यात उंच पोती तोच चढवतो, हे आमच्या कुणाच्याच ध्यानात नव्हतं. रात्री वडिलांचा हात तोंडापर्यंत जाईना.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"पयला आलो," वडील म्हणाले.

त्या हंगामात ट्रक कितीही लहान असला तरी वडील एकदाही काम न मिळता घरी आले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली.