तीनशे बारा गोष्टी, खालून वर

माझी थोरली बहीण चष्मे करते आणि लोकांचं शुद्धलेखन सुधारते. पहिल्या कामाबद्दल लोक तिला दुवा देतात, दुसऱ्याबद्दल तिच्या नावाने बोटं मोडतात, आणि ती दोन्ही कामं सारख्याच हौसेने करते.

शुद्धलेखनाचं खूळ एका मालिकेपासून सुरू झालं. मालवाहू बोटीवरच्या माणसांची मालिका होती. बोट धुक्यात अडकलेली असतानाच वाहिनीने ती बंद करून टाकली. प्रेक्षक खवळले, आणि त्यातल्या काहींनी पुढचं आपणच लिहायला घेतलं. कोणी कप्तानाचं लग्न लावलं, कोणी आचाऱ्याला बंड करायला लावलं. या गोष्टींसाठी एक संकेतस्थळही निघालं. ताई मालिकेची वेडी, म्हणून ती तिथे वाचायला गेली, आणि पहिल्याच गोष्टीत दाताखाली इतके खडे आले की तिने चालकांना लांबलचक तक्रार लिहिली. चालक बेरकी होते. त्यांनी तिलाच तपासनीस करून टाकलं. तेव्हापासून ताईच्या हाताखालून गेल्याशिवाय तिथे एकही गोष्ट चढत नाही.

सुरुवातीला बराच आरडाओरडा झाला. एका लेखकाने तिला लिहिलं, ‘पात्रं आपली नाहीत, बोट आपली नाही, हौस म्हणून लिहितो. ऱ्हस्व-दीर्घाचा एवढा बाऊ कशाला?’ ताईने उत्तर पाठवलं, ‘पात्रं उसनी आणली आहेत, निदान वाक्यं तरी आपली असू देत. आणि उसनी आणलेली वस्तू धुऊनपुसून परत करायची असते.’ गृहस्थ दोन महिने फुगून बसला. मग त्याने गोष्ट पाठवली, आणि वर्षभरात त्याच्या चुका चाळिसांवरून चारांवर आल्या.

दुकानातही ती अशीच. अर्ध्या नंबराची चूक राहिली तर जिन्यावर माणसाचा पाय चुकतो, हे तिचं पालुपद. तयार झालेला चष्मा ती हात लांब करून धरते, त्यातून दाराची चौकट बघते, मग चष्मा उलटा करून पुन्हा बघते. चौकटीची रेघ केसभर सरकलेली दिसली तरी काच मागच्या खोलीत माझ्याकडे परत. मी तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. आई गेल्यावर माझ्या प्रगतिपुस्तकावर ताईचीच सही असायची. काच घासायला तिने शिकवलं आणि निबंध लिहायलाही तिनेच, त्यामुळे दोन्हींत माझ्या चुका काढायचा तिला जन्मसिद्ध हक्क आहे असं ती धरून चालते.

तर मला दुकान सोडायचं होतं. एका रुग्णालयाची डोळे तपासणारी गाडी होती. जिथे चष्म्याचं दुकान कधी पोचलंच नाही अशा वस्त्यांमधून ती फिरायची, आणि तिच्यावर काचा करणारा माणूस हवा होता. काम दोन वर्षांचं. मला मनापासून जायचं होतं. पण ताईला हे तोंडावर सांगायची माझी टाप नव्हती. ‘उद्या सांगू’ म्हणता म्हणता चार महिने गेले, आणि रुग्णालयाने शेवटची मुदत दिली.

मग मला सुपीक कल्पना सुचली. मालिकेत नकाशे बघणारी एक बाई होती आणि तिचा धाकटा भाऊ इंजिनवर होता. मी त्या दोघांवर गोष्ट लिहिली. बेटांवर औषधं पोचवणारी लाँच येते, भावाला तिच्यावर जायचं असतं, पण बहिणीला एकटं टाकून कसं जायचं म्हणून तो सांगायचं रोज पुढे ढकलतो. नकाशेवाली चष्मा कपाळावर चढवून सगळीकडे चष्मा शोधते, हेसुद्धा घातलं. शेवटी तो तिला सगळं सांगतो. दगडालाही कळेल की हे कोण कोणाला सांगतंय. खाली माझं नाव टाकलं आणि सोमवारी गोष्ट पाठवून दिली.

बुधवारी उत्तर आलं. ‘एकसष्ट चुका. यादी सोबत. दुरुस्त करून गोष्ट चढवली आहे.’

बस, एवढंच. त्या दिवशी दुकानात ती रोजच्यासारखी बोलली, रोजच्यासारखी ओरडली. मी समजलो, ताईने वाचलं, गिळलं आणि मान्य केलं. बोलून दाखवणं तिच्या स्वभावात नाही. मी रुग्णालयाला होकार कळवून टाकला.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी दुकानाचा फोन वाजला. ताईने उचलला. गाडीवरच्या डॉक्टरीणबाई मी कधी रुजू होणार ते विचारत होत्या. ताई ‘हो’, ‘बरं’ करत राहिली आणि फोन ठेवून मागच्या खोलीच्या दारात आली.

“कुठली गाडी?”

“म्हणजे काय? तू वाचलंस की!”

“काय वाचलं?”

“माझी गोष्ट. एकसष्ट चुका काढल्यास त्यात!”

“चुका काढल्या रे. पण गोष्ट कोण वाचतं?” ती स्टुलावर बसली. “मी खालून वर जाते. शेवटचं वाक्य आधी, मग त्याच्या वरचं. सरळ वाचलं की डोळा गोष्टीत वाहवतो, चुका निसटतात. पहिल्या दिवशीच कळलं मला ते.”

गोष्ट तपासताना ती संगणकाच्या पडद्यावर कार्ड धरून ओळी झाकते हे मी रोज बघत होतो. पण कार्ड वर सरकतंय की खाली, हे कोण बघत बसतो? तीनशे बारा गोष्टी तिने अशा तपासल्या होत्या, आणि त्यातली एकही तिला ठाऊक नव्हती.

तिने उठून दारावरची पाटी ‘बंद’कडे फिरवली. एक आजोबा पायऱ्या चढत होते, त्यांना तासाभराने यायला सांगितलं. मग संगणकासमोर बसून तिने माझी गोष्ट वरून खाली वाचायला घेतली. कार्ड बाजूला पडलं होतं. कपाळावरच्या चष्म्याशी आली तेव्हा तिला हसू फुटलं आणि हात आपोआप कपाळाकडे गेला. त्यानंतर ती हसली नाही. शेवटाला पोचल्यावर चष्मा काढून तिने तो बराच वेळ पुसला. काच तर स्वच्छच होती.

“फार खडूस केलंयस हिला.”

“आहेच ती.”

“आणि शेवटी ती काहीच बोलत नाही.”

“ती काय बोलेल ते मला सुचेना.”

“मग विचारायचंस ना तिला.”

“भीती वाटली.”

“माझी?”

“मग काय मघाच्या आजोबांची?”

तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाली, “जा. पण रेघ बघून घ्यायची, दोन्ही बाजूंनी. गाडी हलते म्हणून काच हललेली चालणार नाही.” आणि तिने स्वतःचा बारीक स्क्रू-ड्रायव्हर, ज्याला मला कधी हात लावू दिला नव्हता, माझ्या खिशात खोचला.

मी निघून आल्यावर तिने काय केलं ते मला संकेतस्थळावरूनच कळलं. तिने त्या तीनशे बारा गोष्टी पहिल्यापासून सरळ वाचायला घेतल्या, आणि प्रत्येक लेखकाला पत्र लिहिलं. एकाने आपल्या वडिलांच्या शेवटच्या दिवसांवरून कप्तानाचं आजारपण लिहिलं होतं आणि तेव्हा त्याला फक्त नऊ चुकांची यादी मिळाली होती. त्याला ताईने चार पानं लिहून माफी मागितली. पन्नाशी उलटलेली, जिची चूक काढायला लोक टपलेले असतात अशी बाई, आपली चूक एवढ्या लोकांकडे आपणहून कबूल करते, याचं मला फार अप्रूप वाटतं. माझ्याच्याने झालं नसतं. नियम मात्र तिने तसूभरही सैल केला नाही. आता ती सगळं दोनदा वाचते, एकदा खालून वर आणि एकदा वरून खाली.

मी दर आठवड्याला तिला पत्र पाठवतो, आणि चुकांच्या यादीसकट ते परत येतं. परवाच्या पत्रात मी गाडीबद्दल लिहिलं, तपासलेल्या म्हाताऱ्यांबद्दल लिहिलं, इथली हवा छान आहे आणि जेवण वेळेवर मिळतं असंही लिहिलं. आज उत्तर आलं.

‘तीन चुका. यादी सोबत. मग सरळ वाचलं. तुला करमत नाहीये. रविवारी येते.’