थांबामावशी आणि अर्धी गोधडी

आमच्या गल्लीतल्या लॉन्ड्रीवालीला सगळे थांबामावशी म्हणतात. काउंटरवर काहीही ठेवा, बाईंचा पहिला शब्द ‘थांबा’. मग कापड उलटं करणार, शिवण चाचपणार, वास घेणार. माझ्यासारख्या उतावळीचं डोकं फिरायला एवढं पुरे.

ताईच्या होणाऱ्या बाळासाठी आईने गोधडी शिवायला घेतली होती. ती अर्धवट टाकूनच आई गेली. कपाटात पडून गोधडीला कुबट वास लागला, पिवळे डाग पडले. ताईचे दिवस भरत आले तशी मी ती लॉन्ड्रीत नेली आणि म्हटलं, "मशीनमधून काढून द्या, संध्याकाळी नेते."

"थांबा."

मावशींनी ओलं पांढरं फडकं एकेका तुकड्यावर दाबून पाहिलं. रंग कुठलाच सुटला नाही. झालं एकदाचं, असं मला वाटतंय तोवर त्यांनी गोधडी उजेडात तिरकी धरली.

"ह्या रेघा कुणाच्या?"

मला त्या आजवर दिसल्याच नव्हत्या. टाके राहिले होते तिथे खडूच्या फिकट रेघा होत्या. पार शेवटच्या कोपऱ्यापर्यंत आईने आखून ठेवलं होतं.

एरवी अहो-जाहो करणाऱ्या मावशी एकदम अगं-तुगंवर आल्या. "धुतलं तर रेघा जातील गं. आणि टाक्यांशिवाय आतला कापूस गोळा होतो. सासूबाईंच्या गोधडीची मी अशीच वाट लावली होती. आधी शिव, मग आण."

"मला धड बटण लावता येत नाही, मावशी."

"रेघ आहे ना? तिच्यावरून सुई ने. वासाला सावलीतली हवा पुरे."

बोटांची चाळण झाली. टाके वाकडेतिकडे पडले, पण रेघ मी सोडली नाही.

मग गोधडी परत नेली, तेव्हा मावशींनी ती चादरीवर पसरून कोमट पाण्यात बुडवली. चोळली नाही, पिळली नाही, नुसती तळव्यांनी दाबली. चादरीसकट उचलून सावलीत आडवी वाळवली. डाग फिके झाले, पण थोडे राहिलेच. "राहू दे, ओढाताण नको," म्हणाल्या. खडू मात्र पुरता गेला. मी आभार मानायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. मावशींचे हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. त्यांनी माझं ऐकलं असतं, तर आईचं शेवटचं काम मी स्वतःच्या हाताने पुसून टाकलं असतं.

बाळाला गोधडीत घेऊन ताई माझ्या वाकड्या टाक्यांवरून बोट फिरवत होती.

"आईचं इथवरच झालं होतं का गं?"

"नाही," मी म्हटलं. "कोपऱ्यापर्यंत तिनेच नेलंय."