जामीन मागितला, माफी नाही

बायडाक्का गेल्याचा फोन आला तेव्हा आम्ही कुपवाडच्या कारखान्यात जेवणाचे डबे उघडून बसलो होतो. सकाळी छातीत कळ आली, सांगलीला दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं... कुणीच डब्याला हात लावला नाही. त्याला आता महिना उलटला, पण माझा राग काही खाली बसत नाही. कारण ती गेली ती कागदोपत्री आरोपी म्हणून.

ती आटपाडीकडची, मेंढरांमागं हिंडत वाढलेली. नवरा लवकर गेला आणि ती आमच्याकडं पॅकिंगला लागली, माझ्या शेजारच्याच टेबलावर. आमच्या संडासाला मॅनेजर कुलूप लावायचा. का, तर बायका तिथं वेळ काढतात! किल्ली मागायला त्याच्या केबिनमध्ये जावं लागे आणि तो सगळ्यांदेखत विचारी, "आत्ताच जाऊन आलीस ना?" आमच्यातली एक गरोदर मुलगी या लाजेपायी दिवसभर पाणीच प्यायची नाही. एका दुपारी ती चक्कर येऊन पडली. बायडाक्कानं तिला भिंतीला टेकवून बसवलं, पाणी पाजलं, पेट्या ठोकायचा हातोडा उचलला आणि जाऊन कुलूप फोडलं. मॅनेजर ओरडत धावला, ओल्या पायरीवरून घसरला आणि त्याचं डोकं चौकटीवर आपटलं. मी तिथंच उभी होते, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तक्रारीत मात्र आलं की बायडाक्कानं त्याच्या डोक्यात हातोडा घातला.

गुन्हा अजामीनपात्र. वकिलांनी सांगलीच्या सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनासाठी अर्ज केला. हत्यार जप्त करायचंय, आरोपी ताब्यात हवी, असं पोलिसांनी सांगितलं आणि अर्ज फेटाळला गेला. तिच्या भावाचं लांब तमिळनाडूत सोनं गाळायचं दुकान आहे. त्याचा फोन आला, "आक्का, हिकडं ये. हायकोर्टातनं जामीन हुईस्तवर कुणाला घावायची न्हाईस."

"पळाली म्हंजे मारलं, आसंच म्हंत्यात लोकं. मी न्हाई येत रं."

दुसऱ्या दिवशी ठेवणीतली इरकल साडी नेसून ती आपणहून ठाण्यात गेली. मी सोबत होते. फौजदारांच्या टेबलावर तिनं पिशवीतून हातोडा काढून ठेवला. "ह्यो घ्या, सायेब. कुलपाचा गंज लागलाय. कुणाचं रगात सापडलं तर मलाबी दावा."

पोलीस कोठडी संपली, तिची रवानगी तुरुंगात झाली आणि वकिलांनी नियमित जामिनाचा अर्ज केला. तेवढ्यात मॅनेजरचा निरोप आला: लेखी माफी माग, मी जामिनाला हरकत घेत नाही. वकिलांनी तो तिला भेटीत सांगितला. ती म्हणाली, "आदी त्यानं त्या पोरीची माफी मागावी. तवर बसते की मी हितं!" वकील बाहेर आले ते हसतच. त्यांनी कोर्टात सांगितलं, हत्यार मिळालं, चौकशी झाली, बाई स्वतः हजर झाली. पळायचं असतं तर तेव्हाच पळाली असती. जामीन झाला. दर सोमवारी ठाण्यात हजेरी आणि कारखान्याच्या आवारात पाऊल टाकायचं नाही, या अटींवर. नोकरी गेली ती गेलीच. पण या सगळ्याचा एवढा बोभाटा झाला, की संडासाला पुन्हा कुलूप लावायची कुणाची छाती झाली नाही.

खटला रेंगाळला. परवा वकील म्हणाले, "आरोपी मयत म्हणून आता तो बंद होईल." म्हणजे निर्दोष असा शिक्का तिला कधीच मिळणार नाही. न मिळो. ज्यांनी पाहिलं त्या आम्ही अजून जिवंत आहोत, आणि विचारील त्याला सांगणार आहोत.

जामिनावर सुटल्यावर तिला पलीकडच्या एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं होतं. जायची वाट आमच्या गेटवरूनच. "आत जायाला बंदी हाय, रस्ता तर सरकारी हाय न्हवं?" असं म्हणत रोज सकाळी ती स्कूटीवरून जाताना गेटसमोर लांबलचक हॉर्न वाजवायची. आत टेबलांवरच्या सगळ्या जणी माना वर करून हसायच्या. तिची स्कूटी तिच्या मुलीनं आता मला दिलीय. पहिल्याच सकाळी गेटसमोर आले आणि अंगठा आपसूक हॉर्नवर गेला. मॅनेजर दचकून खिडकीशी आला, मला पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

मी आणखी एकदा वाजवला.