दारावरचं गाणं

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आमच्या चर्चची मंडळी मराठीत गाते, हे सांगितलं की पाहुण्यांना पटत नाही. प्रार्थना हिंदीत, उपदेश हिंदीत, बाहेर पडल्यावरची भांडणंही हिंदीत. पण गायला उभे राहिलो की तोंडातून मराठीच निघते. आम्ही दहा-बारा जण आहोत. पेटी मी वाजवते. चांगली वाजवते. हे माझं मलाच सांगावं लागतं, कारण आमच्यात तोंडावर कौतुक करायची पद्धत नाही.

बड्या दिनाच्या, म्हणजे नाताळाच्या, आधीच्या रविवारी आम्ही जीप करून बैहरकडच्या जुन्या चर्चांमध्ये गायला जातो. एका दिवसात तीन गावं. हा शिरस्ता माझ्या आजोबांपासूनचा. ते भंडाऱ्याकडून इकडे मास्तर म्हणून आले आणि जंगलातल्या गावांत पोरांना अक्षरं आणि मोठ्यांना गाणी शिकवत फिरले. गाणी मराठीत, कारण त्यांना दुसऱ्या कशात गाताच येत नव्हतं. गावं गोंडांची, बोलणं गोंडी नाहीतर हिंदी. तरी आजोबांची गाणी तिथे अजून तोंडपाठ आहेत.

तिसरं आणि शेवटचं गाव ते आमचं. आजोबा तिथेच राहिले, माझे वडील तिथेच शेती करत राहिले, मी तिथेच वाढले. कौलारू चर्च आहे, भिंती हातभर जाड, आत बाकं नाहीत, सतरंज्या. तिथली रीत इतर कुठे मी पाहिली नाही. गाणारी मंडळी सरळ आत जात नाही. चपला काढून पायरीखाली थांबते. मग एकच बाई पायरीवर उभी राहून, पेटी नाही, ढोलक नाही, नुसत्या गळ्यावर म्हणते:

रात्र झाली, थंडी पडली,
जागा मिळेल का घरी?

आणि आतून गाव उत्तर देतं:

जागा आहे, या ना आत,
चूल पेटली आमच्या घरी.

बेथलेहेमात मरियेला कोणी जागा दिली नाही, आपल्या गावात तरी मिळू द्या, असा आजोबांचा हिशेब. आतून उत्तर आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. उत्तर आलं नाही तर मागे फिरायचं, असंही म्हणतात, पण तशी वेळ कधी आली नव्हती. पायरीवर माझी आत्या गायची आणि आतून उत्तर द्यायला पहिला आवाज माझ्या बाबांचा, गावातले सगळ्यात वडील म्हणून. त्यांच्यामागे सगळं चर्च. बहीण बाहेर, भाऊ आत. कितीतरी वर्षं मी हेच ऐकत आले.

बाबा या उन्हाळ्यात गेले. आत्या लग्न होऊन बालाघाटला आली त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली असतील. यंदा तिच्या दम्याने उचल खाल्ली. दिवाळीच्या आधी तिने जाहीर केलं, "आता मी नाही गात. माह्या छातीत हवाच नाही उरली." आणि बोट दाखवलं ते थेट माझ्या मुलीकडे.

मुलगी जबलपूरला शिकते. मराठी तिला कळते, पण बोलताना दोन वाक्यांत हिंदीत घसरते. आवाज मात्र आहे, आणि तो आमच्या घराण्याचा आहे, यात मला तरी शंका नाही. सुट्टीत आली की आत्या तिला घेऊन बसायची. पोरगी म्हणायची, "आजी, इतनी बार तो गा लिया." आत्या म्हणायची, "हौ, गायली. पण मांगून राह्यली का भीक? जागा मांगाची आहे. पाहुणी होऊन मांग." पोरगी नाक फुगवून परत सुरू करायची. दोघींची जिद्द एकाच मापाची. मी मध्ये पडत नसे, शहाण्याने पडू नये.

रविवारी पहाटेच निघालो. घाटात एवढी थंडी की ढोलकवाल्याने ढोलक शालीत गुंडाळलं आणि स्वतः कुडकुडत बसला. पहिल्या गावात धानाची मळणी चालू होती. लोक अंगावरचा भुसा झटकत येऊन बसले आणि मन लावून गायले. दुसऱ्या गावात नवीन साउंड बॉक्स आणला होता. त्याच्या घरघरीपुढे आमची कोणाचीच मात्रा चालली नाही. शेवटी आत्यानेच उठून त्याची वायर ओढली. नंतर गाणं असं रंगलं की जेवण थंड झालं तरी कोणी उठेना. मला मनापासून अभिमान वाटत होता. पण मुलगी जेवली नाही. भाताभोवती बोटं फिरवत राहिली.

"मम्मी, वहाँ सब मुझे नाना की नातिन करके देखेंगे," ती म्हणाली. "बिगड़ गया तो?"

"तर बिघडलं," मी म्हटलं.

ऊन कलायला लागलं तेव्हा आमच्या गावात पोचलो. चर्चचं दार उघडं होतं. आत सगळं गाव बसलेलं, डोक्यावरून पदर घेतलेल्या बाया, मफलर बांधलेले म्हातारे, कोणी मागे वळून पाहत नव्हतं. तीही रीतच. आम्ही चपला काढल्या. पोरीने दीर्घ श्वास घेतला, पायरीवर चढली आणि सुरू केलं.

सूर उंच लागला. तालमीपेक्षा बराच उंच. पण काय लागला! कौलांवरची कबुतरं उडाली. भीक नव्हती, विनवणी होती, आणि विनवणीतही मान ताठ. ओळ संपली.

आतून काही आलं नाही.

मी वाट पाहिली. कोणीतरी खोकलं. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या, म्हातारे खाली सतरंजीकडे. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उत्तर प्रत्येकाला येत होतं. पण सुरुवात बाबा करायचे, आणि बाबांच्या जागी कोणी करायची हे ठरलंच नव्हतं. आपण पुढे झालो तर मोठेपणा घेतल्यासारखं होईल, म्हणून जो तो दुसऱ्याकडे पाहत होता. आम्ही शहाण्यांनी दिवाळीपासून फक्त पायरीवरची तयारी केली. आतून कोण उचलणार, हे एकाच्याही मनात आलं नाही. मी त्यांची मुलगी, माझ्याही नाही.

पोरीला यातलं काय कळणार? तिला वाटलं, आपलं चुकलं. तिने मागे वळून पाहिलं, डोळे भरलेले. माझे हात पेटीकडे गेले आणि थांबले, पायरीवर पेटी नाही. मी आत्याला शोधलं, तीच काहीतरी सांगेल म्हणून. आत्या जागेवर नव्हती.

पोरीने पुढे तोंड केलं. मागे फिरली नाही. पदर नव्हताच, ओढणी डोक्यावर घेतली आणि तीच ओळ पुन्हा म्हणाली. या वेळी आवाज थरथरला.

रात्र झाली, थंडी पडली,
जागा मिळेल का घरी?

आणि आतून आवाज आला. बारीक, फाटका, मध्येच दम तुटलेला.

"जागा आहे…"

आत्या होती ती. बाजूच्या लहान दाराने आत गेली होती. लग्न करून दिलेली लेक, माहेरात पाहुणी म्हणून येणारी. पण बाबांनंतर त्या गावात जन्मलेलं सगळ्यात वडील माणूस आता तीच होती, आणि हे तिने कोणालाही न विचारता ठरवून टाकलं. तिचा श्वास तिथेच संपला. पुढचं "या ना आत" तिला म्हणावंच लागलं नाही. ते सगळ्या गावाने म्हटलं, मराठी न बोलणाऱ्या गावाने, मराठीत, इतक्या जोरात की पोरगी पायरीवरच रडायला लागली आणि रडतरडतच आत गेली.

मी पेटी उचलून तिच्यामागे गेले. आत्या खिडकीपाशी बसली होती, बाबा बसायचे तिथे. धाप अजून ओसरली नव्हती. पोरगी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. मला वाटलं, आता तरी दोन शब्द चांगले बोलेल.

"लय उंच धरलं व तुनं," आत्या म्हणाली. "पुढच्या वर्षी एक पट्टी खाली घेजो. मले आतून उचला लागते आता."